पानवेलीतून आलेली तार

ॲग्नेसचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. ती फोनवर कधी आधी 'कशी आहेस' विचारत नाही, थेट मुद्द्यावर येते. "वृंदा, पास्कल गेला. चहा पिता पिता गेला. कपसुद्धा सांडला नाही बघ." नवऱ्याबद्दल एवढं बोलून तिने फोन ठेवला. समोरच्या पडद्यावर माझं काम चालू होतं, आणि ते काम मला ज्याने शिकवलं तो माणूस आता नव्हता. या गोष्टीला महिना उलटून गेला. पण खरं सांगते, पास्कलबद्दल लिहायला बसलं की रडू येण्याआधी हसू येतं. त्याला मी काय करणार?

आम्ही कॉलेजातले वर्गमित्र. तो पापडी गावचा, मी लग्न होऊन जवळच्या वटार गावातल्या बागायती वाडीत आलेली. दोघंही कॉम्प्युटर शिकलो, दोघांनाही मुंबईत नोकऱ्या लागल्या. मी पुढे मुलं आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई यांच्यापायी नोकरी सोडली. सासूबाई गेल्या, मुलं मार्गाला लागली, तोवर मी पन्नाशीला टेकले होते. एका मैत्रिणीच्या मुलीच्या लग्नात पास्कल भेटला. त्यानेही नोकरी सोडली होती, पण हौसेने. "सध्या काय करतेस?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "काही नाही." तर हा म्हणतो, "ते कसं करतात शिकव ना मला. मला अजून जमलेलं नाही." मी हसले, आणि हसता हसता बोलून गेले की मला पुन्हा नोकरी करायचीय, पण आता मला कोण घेणार? तो म्हणाला, "उद्या पापडीला ये."

वाडीतली खताची खोली झाडूनपुसून तिथे त्याने आपला दरबार थाटला होता. मध्ये एक जुना दांडगा कॉम्प्युटर, त्यात लिनक्स नावाची प्रणाली, आणि त्याच्या पोटात आणखी कितीतरी कॉम्प्युटर. म्हणजे हात लावता येतील असे नव्हेत, पण प्रत्येकाची स्मृती वेगळी, काम वेगळं. एक बिघडला तर दुसऱ्याला पत्ता नाही. माझ्यासारखे पाचसहा जण तिथे शिकायला येत, आणि येणाऱ्या प्रत्येकाला पास्कल त्या पोटात एक नवा कॉम्प्युटर करून देई. त्याला त्याचंच नाव. फी म्हणून काय, तर ॲग्नेसने पाठवलेल्या सुकेळ्यांना, म्हणजे वाळवलेल्या केळ्यांना, नाही म्हणायचं नाही.

माझ्या कॉम्प्युटरला मात्र एक अडचण होती. तो बाहेर जाऊ शकत होता, पण बाहेरून त्याला कुणी हाक मारू शकत नव्हतं. मी कारण विचारलं. पास्कल म्हणाला, "एकत्र कुटुंबातल्या सुनेसारखं आहे ते. बाजारात जाते, बँकेत जाते, पण सगळीकडे 'अमक्यांच्या घरची' म्हणून. तिच्या नावाने दारात कुणी येतं का?" वटारला माझ्या नावाने शेवटचं कोण आलं होतं, ते मला आठवेना. "यावर उपाय म्हणजे ब्रिज," तो म्हणाला. मोठ्या कॉम्प्युटरमध्ये एक ब्रिज, म्हणजे पूल, बांधायचा, बाहेरच्या जगाशी जोडणारं नेटवर्क कार्ड त्याला जोडायचं, आतले कॉम्प्युटरही त्यालाच जोडायचे. मग प्रत्येकाला स्वतःचा पत्ता मिळतो आणि कुणीही थेट येऊन दार वाजवू शकतं.

ऐकायला सोपं. मी कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसले, तिथूनच मोठ्या कॉम्प्युटरवर ब्रिज बांधला, कार्ड त्याला जोडलं, आणि... सगळं ठप्प! कार्डाचा पत्ता काढून ब्रिजला द्यायचा असतो, तो मी दिलाच नव्हता. माझा लॅपटॉप त्याच पत्त्यावरून आत शिरला होता, म्हणजे ज्या फांदीवर बसले होते तीच मी कापली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि पास्कल? तो खुर्चीवर मागे रेलून असा हसायला लागला की बाहेर वाडीत ॲग्नेस विचारायला लागली, काय झालं म्हणून. "झालं!" तो म्हणाला. "प्रत्येकाचं एकदा होतं. तुझं आज झालं. चल, आता दुरुस्त करू." कुणी चुकलं की आधी मनसोक्त हसायचं आणि मग खुर्ची ओढून शेजारी बसायचं, ही त्याची रीत. त्या हसण्यात कुचेष्टा नसे. आपण एका मंडळाचे सभासद झालो असं वाटायचं.

हा ब्रिज वायफायवर नीट चालेना, म्हणून घरापासून खोलीपर्यंत नेटवर्कची तार आणायची ठरली. मधे पानवेलींचा मांडव. खिळे मारले तर वेलींना इजा, तेव्हा मी वाडीवालीच्या सवयीने केळीच्या सोपटाने, म्हणजे खोडाच्या सुक्या सालीने, तार वेलींसोबत बांधत आणली. पास्कल इतका खूश झाला की आल्यागेल्याला ती तार दाखवत सुटला. पुढे एकदा अचानक सगळे पत्ते गायब. आम्ही दोघांनी ब्रिज पुसला, पुन्हा बांधला, पुन्हा पुसला. पास्कलने कसलीकसली पानं वाचून काढली. दोन-तीन दिवस असेच गेले. शेवटी कंटाळून बाहेर आलो तर पास्कलची आई मांडवात पानं खुडत होती, अंगठ्याला देठ कापायचं धारदार लोखंडी नख लावून, आणि पानांच्या दाटीत तार मधोमध चिरलेली! पास्कल डोक्याला हात लावून म्हणाला, "आई, तार कापलीस तू!" म्हातारी मुळीच ओशाळली नाही. "वेलीला बांधलं तं खुडनारच ना? मला काय ठावं ते खायाचं नाय!" त्या दिवशी पास्कल हसून हसून केळीच्या बुंध्याला धरून खाली बसला.

मग माझी नोकरीची मुलाखत आली. समोर माझ्या मुलांच्या वयाचे तिघं. त्यांनी तेच सांगितलं: या कॉम्प्युटरच्या पोटात एक नवा बनवा आणि तो आमच्या टेबलावरून दिसला पाहिजे. हीच एक संधी होती, हे मला ठाऊक होतं. ब्रिज बांधला, कार्ड जोडलं, आणि नेटवर्क ठप्प. पुन्हा तीच चूक! एरवी घाबरून मी उठून निघूनच गेले असते. पण माझ्या तोंडून खो खो हसू बाहेर पडलं. तिघं चमकले. "मॅडम, काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, आमच्याकडे या जागी हसायचं असतं." मग शांतपणे ब्रिजला पत्ता दिला. त्यांच्या टेबलावर माझा कॉम्प्युटर दिसू लागला. नोकरी मिळाली. मी फोन केला तेव्हा पास्कल पलीकडे हुंदके देऊ लागला. त्याला रडताना ऐकलं ते तेवढंच.

गेल्या रविवारी त्याच्या महिन्याची मिस्सा, म्हणजे चर्चमधली स्मरणप्रार्थना, झाली. नंतर मी त्यांच्या घरी गेले, तर ॲग्नेस मला सरळ त्या खोलीत घेऊन गेली. मला वाटलं, सामान हलवायचं असेल. मनातून मी भ्यालेच होते. पण ती पास्कलच्या खुर्चीत बसली, चष्मा पुसला आणि म्हणाली, "मलापण एक बनवून दे."

"तुला? तू तर कधी या खोलीत पाऊलही टाकत नव्हतीस."

"तू पन्नाशीत सुरू केलंस. मी साठीत करते. दे."

मी नवा कॉम्प्युटर तयार केला, ब्रिजला जोडला. पडद्यावर नाव विचारणारी चौकट आली. मला वाटलं, ती पास्कलचंच नाव घालेल, म्हणून मी तेच टाइप करायला घेतलं. तिने माझा हात बाजूला सारला. "त्याचं नाव चर्चच्या मिस्सेत घेतलं, पेपरात आलं, दारावर आहे. माझं कुठाय?" आणि एका बोटाने, एकेक अक्षर शोधत तिने लिहिलं: ॲग्नेस.