व्हर्जिलचे मागचे दिवे

माझा मेव्हणा व्हर्जिल स्टॅनेक अत्यंत विचारी माणूस आहे. विचार करण्याच्या कामात त्यानं कधी घाई केलेली नाही. अकरा उन्हाळ्यांपूर्वी त्यानं गॅरेजमध्ये स्वतःच्या हातानं दोघांपुरती उघडी गाडी बांधायला घेतली आणि माझ्या बहिणीला, मार्लीसला, शब्द दिला की पहिली फेरी तुला घेऊन, थेट सुपीरियर सरोवराच्या काठापर्यंत. मार्लीसनं त्या फेरीसाठी डोक्याला बांधायला निळा रुमाल घेतला. त्याची घडी काही मोडली नाही.

गाडी पाच वर्षांत झाली. इंजिन फिरलं, चाकं फिरली, दारंसुद्धा लागली. राहिले फक्त मागचे दिवे. मी भंगारातून एका पिकअपचे चांगले दिवे आणून दिले. "दुसऱ्याच्या गाडीचे दिवे माझ्या गाडीला?" असं म्हणून व्हर्जिलनं ते कुंपणापाशी ठेवले आणि पुढची सहा वर्षं एलईडीला वाहिली.

दिव्यांच्या लाल काचा त्यानं राळेपासून मार्लीसच्या पावाच्या भांड्यांत ओतल्या. त्यानंतर वर्षभर आम्ही राळेच्या वासाचा पाव खाल्ला आणि छान झालाय म्हणालो. मग त्याच्या ध्यानात आलं की एलईडी तापत नाही, म्हणजे त्यावरचा बर्फ वितळणार नाही. झालं, एक अख्खा हिवाळा दिवे फ्रीजरमध्ये, हरणाच्या सॉसेजशेजारी. काचेमागून तापणारी तार फिरवली, तेव्हा कुठे त्याला झोप लागली. आमच्याकडे हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यानं गाड्या गंजतात, आणि मिठाच्या रस्त्यावर तो ही गाडी मेला तरी नेणार नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. पण मी बोललो नाही. दर शुक्रवारी आम्ही एकाच टेबलावर तळलेले मासे खातो आणि मला ते मासे आवडतात.

शेवटचं वर्ष वळण्याच्या दिव्यात गेलं. नऊ ठिपके, आतून बाहेर एकामागून एक पेटत जाणारे. यंदा वसंतात मार्लीसनं जेवताना त्याला स्पष्ट सांगितलं, "या उन्हाळ्यात सरोवर दिसलं नाही, तर पुढे मला विचारू नकोस. बासष्टची होईन मी."

व्हर्जिलनं मान हलवली. "नववा ठिपका जरा उशिरा लागतोय," तो म्हणाला.

जुलैमध्ये गाडीच्या परवान्यासाठी सरकारी तपासनीस आला. त्यानं ब्रेक दाबायला लावला, हॉर्न वाजवून पाहिला, कागदावर सही केली आणि गेला. दिव्यांबद्दल चकार शब्द नाही. व्हर्जिल दोन दिवस घुश्शात होता. तिसऱ्या दिवशी त्याला आणखी मोठा शोध लागला. चालवणारा पुढे बसतो आणि दिवे मागे असतात, म्हणजे रस्त्यावर धावताना ते त्याला स्वतःला कधीच दिसणार नव्हते. सहा वर्षं विचार करूनही हे राहून गेलं होतं.

गाडी दुसऱ्या कुणीतरी चालवायला हवी होती. माझं पोट त्या स्टिअरिंगमागे मावत नाही. म्हणून किल्ली पहिल्यांदा मार्लीसच्या हातात आली. चर्चच्या कोपऱ्यावर थांबायचं, उजवीकडे वळायचं आणि घरी यायचं, असं त्यानं तिला तीनदा बजावलं. ती आत जाऊन निळा रुमाल बांधून आली आणि तिनं शेजारच्या सीटवर खाण्याची भलीमोठी थंड पेटी ठेवली. व्हर्जिल खूश झाला. वजनानं तोल राहतो म्हणे.

आम्ही तिच्या व्हॅनमधून गाडीच्या मागोमाग निघालो. मी चालवत होतो, तो काचेला नाक लावून बसला होता. कोपऱ्यावर तिनं ब्रेक दाबला आणि दिवे लालभडक झाले. खरं सांगतो, सुंदर होते. व्हर्जिलच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मलाही गलबलून आलं. मग डावीकडचे ठिपके पळू लागले, एक, दोन, तीन, थेट नऊपर्यंत.

"बघितलंस?" तो म्हणाला. "नववा अगदी वेळेवर लागला."

गाडी डावीकडे वळली, हायवेला लागली आणि लहान होत गेली. उजवीकडे घर होतं, हे त्याला बऱ्याच वेळानं आठवलं.

"ती सरोवराकडे चाललीय," तो म्हणाला. "पण पहिली फेरी आमची दोघांची होती. शेजारची जागा माझी आहे."

"तिथे पेटी आहे," मी म्हणालो.