मग ती काय म्हणली?

माझ्या एम.ए.च्या प्रमाणपत्रावर आणखी एक नाव छापायला जागा असती, तर मी आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयातल्या मावशींचं नाव छापायला सांगितलं असतं. सुईतला दोरा दातांनी तोडायचा, मान वर करायची आणि विचारायचं, “मग ती काय म्हणली?” ही त्यांची सवय. त्या एका प्रश्नावर माझं शिक्षण उभं आहे.

मावशी हिंगोलीच्या आमच्या कॉलेजात शिपाई होत्या. सेनगावकडच्या तांड्यावरून रोज जीपने येत. काम पुस्तकं पुसून जागेवर लावण्याचं. पण पाठ सुटलेली पुस्तकं त्या आपणहून शिवत. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, पगार एका कामाचा आणि जीव दुसऱ्यात.

आमच्या घरात दहावीपुढे गेलेला मी पहिलाच. एम.ए. इंग्रजीच्या एका पेपरला मध्ययुगातल्या युरोपी सरदारांच्या प्रेमकथा होत्या. मी गाईड पाठ करत होतो आणि कळत काहीच नव्हतं. मावशींनी दोन दिवस माझं पुटपुटणं ऐकलं. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, “लेकरा, काहून नुसता घोकून राहिला? मला सांग मराठीत. मला कळलं, म्हंजी तुला कळलं.”

“एक सरदार असतो, घोड्यावर बसून...”

“नवरदेव?”

“नवरदेव नाही, मावशी. त्याचं एका बाईवर प्रेम असतं. पण ती दुसऱ्याची बायको असते. त्याच्या मालकाची.”

“मंग घोडा कशाला?”

मी इतका हसलो की ग्रंथपालांनी टेबल वाजवलं.

मग रोज एक कथा. सरदार तिच्यासाठी झुरतो, अन्न सोडतो. ती आपल्या झग्याची बाही काढून देते, तो ती भाल्याला बांधतो आणि भर मैदानात झुंजतो. “एका बाहीनं बसली व्हय ती दिवसभर?” मावशींनी विचारलं. मग हातातली सुई थांबवून म्हणाल्या, “आन् बघायला कुणीच नसतं, तर लढला असता का त्यो?”

परीक्षेत मी तेच लिहिलं. या कथांतलं प्रेम उर्मट सरदाराला नम्र करतं, तिचा शब्द त्याला राजाच्या हुकमाहून मोठा वाटतो, हे खरं. पण तिच्या मनात काय आहे, हे ढालींच्या खणखणाटात बहुतेकदा ऐकूच येत नाही. त्या पेपरात मी वर्गात पहिला आलो. पेढे घेऊन गेलो, तर मावशी म्हणतात, “म्या काय केलं? म्या तर नुसतं इचारलं.”

मला नोकरी लागली, त्याच वर्षी मावशी निवृत्त झाल्या. पुढे कुरुंद्याकडचं एक स्थळ आलं. मुलगी मला पाहताक्षणी आवडली. आठ दिवस माझं जेवणात लक्ष नव्हतं. “मुलीकडून होकार आहे,” असं माझे वडील, आप्पा, सगळ्यांना सांगत होते. मुलीकडून म्हणजे तिचे वडील आणि काका. तिचा आवाज आमच्यापैकी कुणीच ऐकला नव्हता. सुपारी फोडायला चार दिवस उरले, तेव्हा मी एकटाच तिच्या घरी गेलो आणि तिच्याशी पाच मिनिटं बोलू द्या म्हणालो.

त्यानंतर मावशींना पत्र लिहिलं. फोनवर त्यांना नीट ऐकू येत नसे. गेल्या वर्षी मावशी वारल्या. त्यांच्या लेकानं ते पत्र मला परत आणून दिलं, पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांमध्ये, कडेनं बारीक टाके घालून जपलेलं. ती मुलगी आज एका शाळेत शिकवते. तिला विचारूनच ते इथे देतो.

“मावशी, मोठ्या अक्षरात लिहितोय. बोट ठेवून सावकाश वाचा.

मी तिला विचारलं. मग ती काय म्हणली? ओढणीचा काठ बोटाला गुंडाळत म्हणाली, ‘खरं सांगू? न्हाई. मला बी.एड. करायचंय. पण मी न्हाई म्हणले, हे कळलं तर घरचे शिकूच देणार न्हाईत. तुमच्याकडून मोडलं, तर यंदा तरी दुसरं स्थळ बघणार न्हाईत.’

मी घरी येऊन सांगितलं, नकार माझा आहे. आप्पा पंधरा दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिचे काका फोनवर नको ते बोलले, ऐकून घेतलं. वाईट वाटलं, मावशी, तुमच्याशी खोटं बोलत नाही. पण तिनं बी.एड.चा फॉर्म भरला, असं काल कळलं, आणि मी पोटभर जेवलो.

हे तुमच्याशिवाय कुणाला माहीत नाही. वाचून झालं की पत्र फाडून टाका. शिवून ठेवू नका.”