विमलच्या हातचे बुडबुडे

विमल रामटेके दोन सिरिंज एकमेकींना जोडून त्यांतलं सलाईन इकडून तिकडे ढकलायची, तेव्हा तिचे फक्त अंगठे हलत. थेंबभर हवा त्या पाण्यात इतकी बारीक मिसळे की ते दुधाळ दिसू लागे. तेच मी केलं की मोठे, ओबडधोबड बुडबुडे. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. चंद्रपूरच्या आमच्या इस्पितळात हृदयाची सोनोग्राफी करणारं यंत्र नुकतंच आलं होतं, आणि आरमोरीहून आलेली, माझ्याहून चार वर्षांनी लहान असलेली ही डॉक्टर मला पहिल्या आठवड्यापासून सलत होती.

पोंभुर्ण्याच्या एका म्हाताऱ्यानं तिला विचारलं, "बाई, पानी काऊन घुसळून राह्यल्या?"

"बुडबुडे पाठवते बाबा तुमच्या काळजात. ते पडद्यावर चमकतेत. कुठी जातेत ते पाहू."

म्हातारा हसला. माझ्यापुढे रोगी कधी हसत नसत.

हातातल्या शिरेतून सोडलेल्या या बुडबुड्यांनी हृदयातलं छिद्र कळे, पण ते फुप्फुसातच विरत, हृदयाच्या स्नायूपर्यंत पोचत नसत. मुंबईच्या एका इस्पितळात मात्र ते नळीनं थेट हृदयाच्या रक्तवाहिनीत सोडून स्नायूला रक्त किती मिळतं, हे पाहायचे प्रयोग चालले होते. तिथं शिकायला एकीलाच पाठवता येणार होतं. आमच्या विभागाच्या मोठ्या साहेबांनी माझं मत विचारलं. "विमल अजून कच्ची आहे," मी म्हणाले, आणि स्वतः गेले.

मी परतल्यावर विमल रोज दुपारी डबा घेऊन माझ्याजवळ बसे. "ताई, बुडबुडे पोचल्यावर पडद्यावर स्नायू कसा उजळला? मंग किती वेळानं निवला?" मी आठवून सांगे, ती कागदावर काढे. एक दिवस म्हणाली, "लवकर निवला म्हनजे रक्त जोरात वाहून राह्यलं. हळू निवला, तर रक्त कमी. म्हनजे निवायचा वेळच मोजा लागते न, ताई?"

तिथं महिनाभर मला तेच शिकवत होते. कळलं ते आत्ता.

वर्षभरानं पुढच्या शिक्षणासाठी तिची दिल्लीत निवड झाली. निरोप द्यायला स्टेशनवर गेले. गाडी सुटायच्या आधी खिडकीशी उभी राहून म्हणाले, "मुंबईचं तुझं नाव मीच कापलं होतं."

"माहीत हाये. साहेबानं तवाच सांगतलं."

"मग रोज माझ्याजवळ येऊन का बसायचीस?"

"पाहून तर तुमीच आल्या होत्या. दुसऱ्या कोनाले विचारू?"

त्यात टोमणा नव्हता. तिनं पेटी बाकाखाली सरकवली. गाडी हलली तेव्हा मला लाज वाटली, पण ती मागाहून. आधी वाटला तो हेवाच. तिच्या जागी मी असते, तर एक दिवसही तशी बसू शकले नसते.