डिकीतली टाकी

सीएनजी भरताना सगळ्यांनी गाडीतून उतरायचं असतं. रांगेत आमच्या पुढच्या टॅक्सीतून एक आजी उतरल्या आणि जड पिशवी पोटाशी धरून भिंतीपाशी उभ्या राहिल्या. डिकीत गॅसची टाकी, त्यामुळे सामान मांडीवर.

स्वस्ताईच्या भरवशावर आम्हीही अशीच डिकी देऊन टाकली. तेव्हा गॅस पेट्रोलच्या निम्म्यात मिळायचा. आता फलकावर दोघांत नावापुरता फरक उरलाय. भाव वाढला याचं एवढं नाही. आम्ही डिकी देऊन बसल्यावर वाढला, ते बोचतं.

"तेल चढलं की हा चढतो," टॅक्सीवाले काका म्हणाले, "तेल उतरलं की याला दिसत नाही."

आजींनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "मग आमची डिकी तरी परत द्या," म्हणाल्या.