झुंबरबाईचा अबोला

वाटूरची झुंबरबाई गप्प बसली, असं जन्मात एकदाच झालं. निजामाच्या राज्यातली गोष्ट. तिचा लेक भुजंग हैदराबादच्या कॉलेजात बास्केटबॉल खेळायचा. समुद्र ओलांडू नको म्हणून तिनं बजावलं, तरी गडी संघाबरोबर जहाजानं सिलोनला गेलाच. बाईनं अबोला धरला.

भुजंग परतला तो शिंपल्यांची माळ घेऊन. तिनं ती खुंटीला अडकवली आणि भाकरी थापत राहिली. त्यानं हत्ती सांगितले, देवळं सांगितली. बाई ढिम्म.

"माय, तिथं सामन्यात मी चेंडू कसा फेकला म्हाईत हाय? गंजीवर तुला कडब्याच्या पेंढ्या फेकतो, बराबर तसा! लोक हसून राह्यले व्हते, पण गेला की टोपलीत!"

पेंढ्या झेलणारी तीच. तिला राहवेना.

"मंग वर झेलाय कोण व्हतं?"

"कोणीच न्हाई. टोपलीला बूडच नसतं, चेंडू खाली पडतो."

"आन् बिनबुडाच्या टोपलीसाठी येवढ्या लांब गेल्तास, मेल्या?"

भुजंग खो खो हसला, तेव्हा तिच्या ध्यानात आलं की आपण बोलून बसलो. आता पुन्हा रुसणं काही बरं दिसलं नसतं. तिनं तव्यावरची भाकरी उचलली.

"झेल," म्हणाली.