लताबाईंनी मोजलेले वेढे

पारोळ्याला बाजार समितीकडे जाणाऱ्या रस्त्यावर नवलचं मोटार भरायचं दुकान आहे. विहिरीवरची मोटार जळली की शेतकरी ती इथे आणून टाकतात. जळालेली तार काढून नवी भरून मिळते. पाटीवर नाव नवलचं आहे, पण गेली नऊ वर्षं मोटारी भरतात त्या लताबाई, त्याची बायको. नवलच्या नजरेला बारीक तार दिसेनाशी झाली, तेव्हापासून तो गिऱ्हाइकांशी बोलतो, मोटारी उचलतो, खोलतो. तरी येणारा प्रत्येक जण म्हणतो, नवलकडे मोटार टाकली आहे. लताबाईंनी त्याबद्दल तक्रार केलेली मी कधी ऐकली नाही.

मी तरुणपणी सैन्यात वायरलेस दुरुस्तीचं काम केलं. पुढे गावात रेडिओ दुरुस्त करत होतो, तेही आता कोणी आणत नाही. दोन वर्षांपूर्वी धुळ्याच्या एका भंगारवाल्याकडे मला जुना लष्करी रिसीव्हर दिसला. हिरवा रंग, जाड पत्र्याची पेटी, आत काचेचे व्हॉल्व्ह. मी ज्यांवर काम केलं त्यांच्याही आधीच्या काळातला. घरी आणला आणि हळूहळू साफ केला. गंजलेले स्क्रू सोडवले, कंडेन्सर बदलले, दोन व्हॉल्व्ह मिळवले. सगळं झालं, फक्त ट्रान्स्फॉर्मर जळालेला होता. धुळ्यात आणि जळगावात विचारून झालं. एकाने सांगितलं की पेटी तेवढी ठेवा, आत नवं सर्किट बसवून देतो. मी पेटी उचलून आणली.

ट्रान्स्फॉर्मर म्हणजे लोखंडी पत्र्यांवर गुंडाळलेली तार. ती किती वेढे गुंडाळायची, हे कळलं तर तो पुन्हा भरता येतो. पण या पेटीचं कुठलंही पुस्तक माझ्याकडे नव्हतं. वेढ्यांचा आकडा फक्त त्या जळालेल्या तारेतच होता. ती एकदाच उलगडता येणार होती, कारण जळालेली तार हातात तुटते.

पावसाळ्यात मोटारींचं काम थंड असतं. श्रावणात मी नवलच्या दुकानात गेलो आणि विचारायला आलो होतो ते सोडून पाऊसपाण्याचंच बोलत बसलो. शेवटी लताबाईंनीच पिशवीत काय आहे ते विचारलं. ट्रान्स्फॉर्मर हातात घेऊन त्यांनी तारेचं टोक नखाने खरवडून पाहिलं. तार केसाएवढी. नवल म्हणाला की हे आपलं काम नाही, बिघडलं तर गावभर होईल. मी पिशवी आवरायला लागलो. मग लताबाई म्हणाल्या, "नानांनी मला विचारलंय. ठेवा नाना, मी करते."

मी कोणाला विचारलं होतं हे मलाही नीट माहीत नव्हतं. पण त्यांच्या नावाने आलेलं ते पहिलं काम होतं, हे मला त्या वेळी नवलच्या चेहऱ्यावरून कळलं.

त्यांनी एक दिवस ठरवून दिला. मी गेलो तेव्हा त्या हाताने फिरवायच्या चक्रापुढे बसल्या होत्या. चक्र फिरे तशी तार उलगडे, आणि तारेच्या थरांमधले मेणकागद त्या एकेक करून सुतळीत ओवत जात. नवे कागद त्याच मापाने कापायचे म्हणून. मोजताना त्या कोणाशी बोलत नाहीत. नवलने मला खुणेनेच दाराजवळच्या स्टुलावर बसवलं आणि तो चहा सांगायला गेला.

बराच वेळ मी रस्त्याकडे बघत बसलो. शेजारच्या सुगंधाबाईंची बकरी दारात येऊन उभी राहिली. माझ्या बाजूला फळीवर एका वाटीत थोडी सरकी होती. आपल्याकडे दारात आलेल्या जनावराला कोणी तसंच परत पाठवत नाही. मी तळहातावर सरकी घेऊन बकरीपुढे धरली. तिने खाल्ली. मग उरलेलीही दिली.

थोड्या वेळाने तार संपली आणि लताबाईंचं चक्र थांबलं. "ब्याण्णव," त्या म्हणाल्या आणि मागे न बघता त्यांनी वाटीकडे हात नेला.

वाटी रिकामी होती. तेव्हा मला कळलं. त्या डोक्यात फक्त शंभरपर्यंत मोजत आणि शंभर झाले की पायाजवळच्या गोणीतली एक सरकी वाटीत टाकत. शेकडे किती झाले ते मनात ठेवायचं नाही, म्हणजे चूक होत नाही, ही त्यांची पद्धत. मी बकरीला त्यांचे शेकडे खाऊ घातले होते.

मी काय केलं ते मला सांगावं लागलं. तार जमिनीवर तुकड्यांच्या गुंत्यात पडलेली होती. नवल चहा घेऊन आला, त्याने रिकामी वाटी पाहिली, दारातली बकरी पाहिली. "बकरीले इचारा नाना," तो म्हणाला, "तिले आकडा माहीत व्हई."

मी लताबाईंना म्हणालो की राहू द्या, चूक माझी आहे, मी बाहेर तसंच सांगेन. त्यांनी ते ऐकलं की नाही, कोण जाणे. त्या सुतळीतले कागद उजेडाला धरून बघत होत्या.

"तार गई ते गई," त्या म्हणाल्या. "कागद शे ना."

कागद खरंच होते. प्रत्येक मेणकागदावर तारेच्या एकेका वेढ्याची रेघ उमटली होती, वखर मारलेल्या शेतासारखी. मी एवढी वर्षं ट्रान्स्फॉर्मर हाताळले, पण कागद कधी उजेडात धरून पाहिला नव्हता.

एकूण सव्वीस कागद होते. या ट्रान्स्फॉर्मरला मधोमध एक टोक काढलेलं असतं आणि त्याच्या दोन्ही बाजूंना वेढे सारखेच असतात. म्हणजे तेरा कागदांची बेरीज दुसऱ्या तेरांच्या बेरजेइतकी यायला हवी. आली तर आकडा बरोबर. मी घरून माझं भिंग आणलं. आधी लताबाई सुईच्या टोकाने रेघा मोजत, मग तोच कागद मी मोजत असे. दोन दिवस आम्ही तेवढंच केलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बेरीज केली. एका बाजूला अकराशे सेहेचाळीस, दुसऱ्या बाजूला अकराशे चव्वेचाळीस.

नवल म्हणाला, दोनाने काय बिघडतं. लताबाई म्हणाल्या की दोनाने बिघडत नाही, पण दोन चुकले म्हणजे आणखी कुठे किती चुकले ते सांगता येत नाही. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "नाना, तुमचा बठ्ठा हिशोब, सगळाच्या सगळा, माझ्यासारखाच आला?"

मला सांगावं लागलं की एका कागदावर माझे त्र्याण्णव आले होते आणि त्यांचे एक्क्याण्णव. मला वाटलं माझीच नजर चुकली, म्हणून मी एक्क्याण्णव म्हणालो.

"कोणता कागद?"

एकोणिसावा. त्यांनी तो सोडवून घेतला, दारात जाऊन पुन्हा मोजला. कडेला घडी पडली होती, तिच्या आत दोन रेघा होत्या.

"त्र्याण्णव," त्या म्हणाल्या. "बरोबर होतात, तर बोलायचं ना नाना. मी काय खाते का? मी बकरी शे का?"

नवल इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. मीही हसलो.

तार नाशिकहून मागवली. भरायला चार दिवस लागले, मग वार्निश, मग वाळवण. मी रिसीव्हर रिक्षात घालून दुकानातच नेला. मीटर लावला तर दोन्ही बाजूंना व्होल्ट सारखे, आणि व्हॉल्व्हना जेवढे लागतील असा माझा अंदाज होता तेवढेच. व्हॉल्व्ह हळूहळू लाल झाले. आधी खरखर आली, मग मी बटण फिरवलं आणि जळगाव केंद्रावर कापसावरच्या किडीची माहिती लागली. आवाज चांगला मोठा आणि गोल होता. तिथे मोटार घेऊन आलेला एक शेतकरी फवारणीचं ऐकत उभा राहिला.

पुढच्या माणसाला उपयोग व्हावा म्हणून झाकणाच्या आत आकडा लिहून चिकटवायचं मी सुचवलं. लताबाईंनी आकडा लिहिला. मी नावही लिहायला सांगितलं. त्यांनी पेन थोडा वेळ तसाच धरला, मग लिहिलं: लता नवल, पारोळा. दोनदा मोजले.

शेतकऱ्याने त्याची मोटार कधी होईल असं नवलला विचारलं. नवलने बोटाने लताबाईंकडे दाखवलं. "त्यांना विचारा."

लताबाईंनी त्याला तासभर थांबायला सांगितलं. नवा ट्रान्स्फॉर्मर तासभर चालल्याशिवाय त्याचं काही खरं नसतं. वेढे चुकले असतील तर तो तापतो. रेडिओ चालू ठेवून आम्ही सगळे बसलो. किडीनंतर बाजारभाव झाले, मग गाणी लागली. तास झाल्यावर लताबाईंनी ट्रान्स्फॉर्मरवर तळहात ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला.

"कोमट शे," त्या म्हणाल्या. "असाच पाहिजे."

मग त्यांनी हात पुसले आणि त्या शेतकऱ्याच्या मोटारीकडे वळल्या.