कधीपासून दुखतंय?

"मॅडम, विभक्त्या ऑप्शनला टाकता येत नाहीत का?"

क्लासच्या मालकांनी हे विचारलं, तेव्हा रुबीनाच्या परीक्षेला दहा दिवस उरले होते. मी डोक्याला हात लावला.

रुबीना नळदुर्गची, रशियात डॉक्टरकी शिकणारी. तिसऱ्या वर्षी वॉर्डात पेशंटशी रशियनमध्ये बोलावं लागतं. त्याच्या तोंडी परीक्षेत ती नापास झाली होती. आता सुट्टीत ऑनलाइन फेरपरीक्षा. तीही गेली तर वॉर्ड बंद आणि वर्ष वाया.

अशा मुलांना मी धाराशिवला रशियन शिकवते. या भाषेत कुठे, कुठून, कधी, कधीपासून हे शब्दाच्या शेवटावरून कळतं. आपणही 'सोमवारी', 'सोमवारपासून' म्हणतोच. पण 'दवाखान्यात आहे' आणि 'दवाखान्यात जाते', दोन्हीकडे आपण एकच 'त' लावून मोकळे होतो. रशियन माणूस तिथे असेल तर 'बल्नित्से' म्हणतो, तिकडे जायचं असेल तर 'बल्नित्सु'. मे महिन्यात म्हणायचं तर 'माये', मेपासून म्हणायचं तर 'माया'. अशा सहा विभक्त्या. मुलं रडकुंडीला येतात, मीही येते.

मालकांनी यावर तोड काढली होती. पन्नास प्रश्नोत्तरांची पुस्तिका. 'कधीपासून दुखतंय? सोमवारपासून.' रुबीना ती अख्खी पाठ करूनच नापास झाली होती. मी तसं सांगितलं.

"मग पाठांतर कच्चं असणार," ते म्हणाले.

त्यात रुबीना यायचीच बंद झाली. मी चिडून नळदुर्गची एसटी धरली. बघते तर बाई अब्बांच्या मेडिकलमध्ये गोळ्या विकतायत!

"दुकानातला माणूस गावाकडं गेलाय, मॅडम," अब्बा ओशाळून म्हणाले. "तुम्ही म्हणाल तर आत्ता पाठवतो."

"दोनच मिनिटं, मॅडम," रुबीना म्हणाली आणि समोरच्या बाईकडे वळली. "कधीपासून दुखतंय, मावशी?"

"सोयाबीन खुरपाया गेले तवापसनं. गुडघा लई धरलाय."

"म्हणजे किती दिवस?"

"आता कसं सांगू? दोन बाजार झाले की."

रुबीनाने गोळ्यांच्या खोक्याच्या पाठीवर रशियनमध्ये लिहिलं, 'दोन आठवड्यांपासून'. शेवट चुकला होता. मी काउंटरवरूनच दुरुस्त केला. मग एक ट्रकड्रायव्हर आला. त्याची पाठ हैदराबादला माल भरल्यापासून धरली होती. तेही लिहिलं, तेही चुकलं. ओरडायला आलेली मी संध्याकाळपर्यंत तिथल्या स्टुलावर बसून राहिले. नंतरचे चार दिवसही मी तिथे जात राहिले. एसटीने माझी पाठ धरली ती वेगळीच.

परीक्षा क्लासमध्येच झाली, कारण नेट तिथलंच बरं. मी कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी कोपऱ्यात बसले. परीक्षक म्हातारे होते. पेशंटचं सोंग त्यांनीच घेतलं होतं, म्हणून कमरेला हात लावून बसले.

"कधीपासून दुखतंय?" रुबीनाने विचारलं.

"बटाटे लावल्यापासून."

पुस्तिकेत बटाटे कुठले!

रुबीनाने क्षणभरही थांबून पाहिलं नाही. "कधी लावले? मेमध्ये?"

"हो, मेमध्ये."

"एकट्यानेच? किती तास वाकला होतात?"

दोन शेवट चुकले. मी डोळे मिटून घेतले. पण परीक्षक खुलले. परीक्षा बाजूला ठेवून आपल्या बागेचं सांगायला लागले आणि तीही विचारत गेली. शेवटी केसपेपर भरताना तिने 'मेपासून' असं बरोबर लिहून दाखवलं. पास झाली.

"पहिल्या परीक्षेत असंच कुणीतरी सांगितलं होतं, तेव्हा मी गप्प बसले होते," ती बाहेर आल्यावर म्हणाली. "आपल्याकडं तरी तारीख कोण सांगतंय, मॅडम?"

मला फार बरं वाटलं. थोडी लाजही वाटली. वीस वर्षं मी तक्ते शिकवतेय. दुखणारा माणूस कॅलेंडर बघून बोलत नाही, हे एकाही तक्त्यात नव्हतं.

मी हे सगळं मालकांना नीट समजावून सांगितलं. त्यांनी मन लावून ऐकलं.

"बरोबर आहे तुमचं, मॅडम," ते म्हणाले. "बटाट्याचा प्रश्न राहूनच गेला होता."

आता पुस्तिकेत एक्कावन्न प्रश्न आहेत, आणि नवी बॅच बटाटे पाठ करतेय.